लेझर, सुई की पार्लरचा धागा?

नको असलेले केस काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न बहुतेकींचा पैशांचा असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लेझर केलं की पार्लरचा खर्च कायमचा वाचतो, असं जाहिराती सांगतात. काखांपुरता हिशेब मांडून बघा. पुण्या-मुंबईच्या मध्यम पार्लरमध्ये काखांच्या वॅक्सिंगला साधारण 100 ते 200 रुपये पडतात. महिन्यातून एकदा धरलं तर वर्षाचे दीड-दोन हजार. त्वचारोगतज्ज्ञाकडे काखांच्या एका लेझर सिटिंगचे साधारण 1500 ते 3000 रुपये होतात आणि सिटिंग लागतात 6 ते 8. म्हणजे पंधरा हजार कुठे गेले नाहीत. ते वसूल व्हायला आठ-दहा वर्षं जातात, आणि मध्ये वर्षा-दोन वर्षांतून एखादी टच-अपची सिटिंग होते ती वेगळीच. रेझर वापरणारीला तर हा सौदा पैशांत कधीच परवडायचा नाही. पूर्ण पायांचे आकडे मोठे, पण गणित साधारण तेच.

तरीही काखांसाठी लेझर करावं, असंच मी सांगेन. कारण पैशांचं नाही. वॅक्सिंगसाठी केस आधी वाढू द्यावे लागतात, म्हणजे महिन्यातले निदान दहा-बारा दिवस स्लीव्हलेस कपाटात. वारंवार ओढून काढलेल्या केसांपैकी काही कातडीखालीच वळतात, त्याच्या पुळ्या येतात, पुळी बरी झाली की डाग राहतो. काखा काळवंडण्यामागे हे एक मोठं कारण असतं. लेझरने केस बारीक आणि विरळ झाले की हा प्रकार बराच थांबतो. जाड काळा केस, सहसा उन्हापासून झाकलेली कातडी, लहानशी जागा: लेझरला हवं ते सगळं काखेत आहे. पाच-दहा मिनिटांत काम होतं. पोटऱ्यांवरही निकाल चांगला येतो, फक्त खर्च आणि वेळ वाढतो. हातांवरची मऊ भुरकट लव मात्र लेझरला नीट सापडतच नाही. तिच्यावर पैसे घालवू नका.

का सापडत नाही, ते समजून घेतलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग, शोषून घेतं. त्याची उष्णता होते आणि ती केसाचं मूळ जाळते. आजूबाजूची कातडी न भाजता नेमकं लक्ष्य जाळण्याचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडलं. केसात रंग कमी तर उष्णता कमी. पांढऱ्या केसात रंगच नाही, म्हणून तिथे लेझरचा काडीचा उपयोग नाही. शिवाय केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच मूळ मरतं. एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात, म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आणि अंगावर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आपली अडचण अशी की मेलॅनिन आपल्या कातडीतही भरपूर आहे. गोऱ्या कातडीवरचे काळे केस हे लेझरचं सोपं गिऱ्हाईक. सावळ्या कातडीवर तोच प्रकाश वरच्या थरातच अडकला तर भाजतं आणि मागे काळा नाहीतर पांढरा डाग राहतो. म्हणून यंत्राची वेव्हलेंग्थ, म्हणजे त्याच्या प्रकाशलहरीची लांबी, विचारायला लाजू नका. 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग खोल जातं, कातडीच्या रंगात कमी अडकतं, गडद रंगाला सर्वांत सुरक्षित. मात्र थोडं जास्त दुखतं आणि बारीक केसांवर जरा कमी पडतं. 800 ते 810 चं डायोड आपल्याकडे सर्वाधिक दिसतं आणि चांगल्या कूलिंगसह, अनुभवी हातात ते आपल्या रंगाला चालतं. 755 चं अ‍ॅलेक्झांड्राइट उजळ कातडीसाठी उत्तम, सावळ्या कातडीला जोखमीचं. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट), म्हणजे अनेक वेव्हलेंग्थचा प्रकाश झोतांनी टाकणारं यंत्र, हे लेझर नव्हेच. पार्लरवाल्या ताई त्याला सर्रास लेझर म्हणतात, तेव्हा दर स्वस्त वाटला तर यंत्र कोणतं ते आधी विचारा. घरी वापरायची यंत्रंही बहुतेक आयपीएलच असतात. त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि खूप गडद कातडीवर वापरू नका असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. गव्हाळ रंग, पायांवरचे काळे केस आणि दर पंधरवड्याला न कंटाळता बसायची चिकाटी असेल तर ठीक. चेहऱ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

आता दुखण्याचं. लेझरचा चटका म्हणजे मनगटावर ताणून सोडलेला रबरबँड, फक्त गरम. काखा आणि बिकिनी लाइनला चांगलाच लागतो, पोटऱ्यांना कमी, नडगीच्या हाडावर पुन्हा जास्त. ओठाच्या वर जागा बोटभर, पण डोळ्यांत पाणी आणणारी. ओठ आणि दात यांच्यामध्ये ओला गॉझ ठेवतात, डोळ्यांवर जाड गॉगल असतो, गार जेल लावलेलं असतं, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर जळक्या केसाचा वास येतो. दोन-तीन मिनिटांत संपतं. पहिली सिटिंग सर्वांत त्रासाची, कारण तेव्हा केस सर्वांत दाट असतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींना जास्त दुखतं, तारीख घेताना तेवढं बघा. मग दहा-पंधरा दिवसांनी मिरपुडीसारखे काळे ठिपके वर येतात. ‘पैसे वाया गेले, केस पुन्हा आले’ असं वाटून अनेकजणी याच टप्प्यावर क्लिनिकला फोन करतात. ते मेलेले केस बाहेर पडत असतात. ओढू नका, गळतील.

बधिर करणारं क्रीम मिळतं, पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच आणि लहान जागेवर लावा. पूर्ण पायांना क्रीम फासून वर प्लॅस्टिक गुंडाळून लेझरला जाणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत अशा दोन तरुणी दगावल्या आणि 2007 मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, जाहीर इशारा द्यावा लागला. औषध रक्तात जातं, त्याने झटके येतात, हृदयाची लय बिघडते.

‘पेनलेस’ या जाहिरातीवर मी भाळत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस क्ष-किरणांनी काढून देणारी दुकानं निघाली होती. जराही दुखत नसे आणि केस खरोखर जात. पुढे अनेकींच्या चेहऱ्याची कातडी सुरकुतली, जखमा झाल्या, काहींना कॅन्सर झाला. दुखतं किती यापेक्षा यंत्र कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मोठा.

आता सुई, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. ही पद्धत लेझरपेक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे. 1875 मध्ये सेंट लुईसमधले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी ती वापरली. केसाच्या छिद्रातून तारेसारखी बारीक सुई मुळापर्यंत सरकवतात, वीज सोडतात, मूळ मरतं, केस चिमट्याने अलगद सुटून येतो. केस काळा असो वा पांढरा, कातडी कोणत्याही रंगाची असो, फरक पडत नाही. ‘कायमचे केस काढणे’ असा दावा एफडीए फक्त याच पद्धतीला करू देते. लेझरला ‘केसांत कायमस्वरूपी घट’ इतपतच म्हणता येतं.

मग सगळ्या जणी हेच का करत नाहीत? कारण एकेक केस. लेझर एका ठिणगीत डझनभर केस गाठतं, इथे प्रत्येक केसाला स्वतंत्र सुई आणि स्वतंत्र चटका, आणि चिवट केसाला दोन-तीनदा. पैसे मिनिटांवर किंवा तासांवर मोजतात. पायांसाठी याचा विचारही करू नका. दाढीसारख्या दाट भागाला शेकडो तास लागू शकतात. म्हणूनच ट्रान्स स्त्रिया बहुधा आधी लेझरने दाट काळे केस कमी करून घेतात आणि उरलेल्यांसाठी, पांढऱ्यांसाठी, सुईकडे वळतात. आपल्याकडे हे काम नीट शिकलेली माणसंही थोडी, मोठ्या शहरांबाहेर तर शोधावीच लागतात. कच्च्या हाताने केलं तर खड्डे आणि डाग पडतात. पण पन्नाशीनंतर हनुवटीवर उगवणारे चार-पाच राठ केस, त्यातले दोन पांढरे, यांच्यासाठी सुईसारखं दुसरं काही नाही. खर्चही मग आवाक्यात राहतो.

चेहऱ्याचं प्रकरण वेगळं काढते, कारण पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथेच. विशी-तिशीतली मुलगी, पाळी अनियमित, मुरमं, हनुवटी आणि गळ्यावर जाड केस. तिने लेझरच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जायला हवं. पीसीओएस, म्हणजे पाळी आणि अंडाशयांशी निगडित हार्मोनचा विकार, असेल तर अंगातले हार्मोन नव्या मुळांना जाडजूड केस धरायला लावत राहतात. लेझरने आजचे केस जातात, पुढच्या वर्षीचे नाही. गोळ्या सुरू केल्या तरी केसांवर परिणाम दिसायला सहा महिने लागतात, म्हणून औषध आणि लेझर बरोबरीने चालवणं बरं. आणि केस अचानक, काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाजही जाड झाला, तर केसांचं राहू द्या, आधी तपासण्या करा.

दुसरा धोका क्लिनिकमध्ये क्वचितच कुणी आपणहून सांगतं. गाल, जबडा आणि गळ्याच्या मऊ लवेवर लेझर मारलं तर काहीजणींना तिथे उलट जाड केस येतात. सावळ्या रंगाच्या आणि हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. त्यामुळे ‘फुल फेस’चं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. जिथे खरोखर राठ केस आहेत तेवढीच जागा करून घ्या. ओठावर नुसती लव असेल तर थ्रेडिंग बरं. दहा-पंधरा दिवसांनी तीस-चाळीस रुपये आणि क्षणभर शिंका. नाहीतर सरळ छोटं फेस रेझर वापरा. रेझरने केस दाट होतात हे आपल्या आयांनी ठसवलेलं आहे, पण ते खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

ठरवलंच असेल तर, आधीचे चार-सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद. मुळात केसच नसेल तर लेझर जाळणार काय? रेझर चालतो. टॅन झालेल्या कातडीवर लेझर नको, तेव्हा पुण्यातला स्कार्फ आणि सनकोट इथे खरा कामाला येतो. गरोदरपणात पुढे ढकला. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. टॅटूवर ठिणगी पडू देऊ नका. पॅच टेस्ट, म्हणजे आधी छोट्याशा जागेवर चाचणी, न करता पूर्ण भागावर सुरू करणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

पैसे भरताना आठ सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. समोरून ‘आजच बुक केलं तर चाळीस टक्के सूट’ येणारच. दोन-तीन सिटिंगचे सुटे पैसे भरा, केस विरळ होतायत का ते स्वतः बघा, मग उरलेल्यांचा भाव करा. जीएसटी दरात धरलाय का तेही विचारा. आरोग्य विमा यातलं सहसा काही देत नाही. आणि लग्न मे महिन्यात असेल तर पहिली सिटिंग आदल्या ऑगस्टच्या आत, शेवटची लग्नाआधी निदान तीन आठवडे. साखरपुडा होऊन लग्नाला दोनच महिने उरले असतील तर यंदा वॅक्सिंगवर भागवा आणि लेझरचे पैसे लग्नानंतरच्या पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा, तेव्हा ऊनही कमी असतं.