दुसऱ्यांचे ट्रॅक ऐकायला घेतलेला हेडफोन: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीनंतर लॅमिंग्टन रोडवरून एक स्टुडिओ हेडफोन घेतला. बंद कपांचा, वायरवाला, ८० ओमचा (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा), घासाघीस करून साडेनऊ हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत तीन-चार कंपन्यांचे जवळपास असेच मिळतात, आणि पुढे मी ज्या तक्रारी करणार आहे त्यातल्या निम्म्या हेडफोनच्या नाहीत, माझ्या आहेत.

आधी तो कशासाठी घेतला ते सांगतो, कारण गाणी ऐकायला घेणाऱ्याला हा अनुभव फारसा कामाचा नाही. मी नाटकांना साऊंड ऑपरेट करतो. स्वतः ट्रॅक बनवत नाही. माझा भाचा कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतो. तो आधी स्वतःचे ट्रॅक ऐकवायचा, मग मित्रांचे आणायला लागला. आता सहा-सात मुलंमुली मला ट्रॅक पाठवतात आणि सगळेच मामा म्हणतात. हाऊस, टेक्नो (दोन्ही क्लबात नाचायचे प्रकार), हलगीवर चढवलेला सिंथ (सिंथेसायझर), गणपतीत वाजावं म्हणून केलेलं काहीबाही. सोबत एकच ओळ असते, 'मामा, जरा ऐकून सांगा ना.' वहीत आजपर्यंत ८४ नोंदी झाल्यात.

परळला चाळीत राहतो, खोली दहा बाय बाराची. स्पीकर लावून पाहिले होते. पलीकडच्या आजींनी सकाळी शांतपणे सांगितलं, 'रात्री तुझ्याकडे काहीतरी धडधडतं आणि माझ्या देव्हाऱ्यातली घंटी हलते.' तो विषय तिथेच संपला. शिवाय एवढ्या खोलीत स्पीकरवर बेसचं काही खरं नसतं: पलंगावर बसून ऐका, गडगडाट, उठून दारात या, गायब. म्हणून हेडफोन, आणि बंद कपांचा, म्हणजे बाहेरचा कुकर आणि क्रिकेट आत येत नाही.

पहिला महिना नुसता चमत्काराचा. इतकं ऐकू यायला लागलं की हातातली कामं सोडून तेच करत बसलो. सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) मधेच कापला आणि त्या जागी लाट शून्यावर नसली तर बारीक 'टिक' वाजते. फोनवर ती कधीच कळत नाही, इथे सुई टोचल्यासारखी कळते. (दोन-पाच मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू चढवला-उतरवला, की जाते, एवढं सोपं आहे ते.) रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी कुठे तुटली, हाय-हॅटची झांज कुठे टोचते, व्होकलच्या मागे पंख्याचा आवाज आहे, सगळं दिसतं. हो, दिसतं असंच म्हणावंसं वाटतं.

आणि इथेच या वस्तूने मला बिघडवलं. भांडुपच्या एका मुलाने त्याचा पहिला पूर्ण झालेला ट्रॅक पाठवला. मी रात्री दीडपर्यंत बसून त्याला सतरा मुद्दे लिहून पाठवले. टिक कुठे, फुसफुस कुठे, कुठला सिंथ कुठल्या सिंथवर बसतोय, सगळं वेळेसकट. स्वतःवर इतका खूश होतो की झोप लागेना. त्याचं उत्तर आलं, 'थँक्यू मामा.' मग सहा आठवडे काही नाही. शेवटी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, 'त्याला वाटलं की सगळंच चुकलंय, मग कशाला करायचं.' सतरा मुद्द्यांत त्याच्या बेसलाइनबद्दल (खालच्या सुरांच्या धुनेबद्दल) एक शब्द नव्हता. बेसलाइन मस्त होती, दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना मी तीच गुणगुणत होतो. ते मात्र लिहायचं राहून गेलं, कारण ते शोधायला हेडफोन लागत नाही.

आपल्याकडे 'छान आहे' म्हणायची पद्धत आहे, ती मला पहिल्यापासून खुपते. 'छान आहे, करत राहा.' यातून करणाऱ्याला काय कळणार? पण सतरा मुद्दे म्हणजे तिचाच उलटा प्रकार. दोन्हीत ऐकणारा सुटतो आणि करणारा तिथेच उभा.

आता चष्म्याची गोष्ट. हेडफोनबद्दल मला खरं सांगण्यासारखं हेच आहे, आणि दुकानात कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीत त्याच मुलाने, भाच्याने मनवल्यावर, नवा ट्रॅक पाठवला. मिनिटाला १२४ ठोक्यांचा हाऊस. मी ऐकून लिहिलं, 'किकच्या खाली बेस पोकळ वाटतोय, थोडा वाढव.' (किक म्हणजे ड्रमचा मुख्य ठोका.) त्याने वाढवून चार दिवसांनी परत पाठवला. मी लिहिलं, 'आता फार झाला, गढूळ झालंय, तीनेक डेसिबल कमी कर.' त्याने पुन्हा फाईल पाठवली. पुन्हा ऐकलं तर पुन्हा पोकळ. तेव्हा त्याने फोनच केला. पोरगा फार सभ्य आहे, आवाज न चढवता म्हणाला, 'मामा, ही पहिलीच फाईल आहे. मी मुद्दाम तीच परत पाठवली. तुम्ही मला गोल फिरवताय.'

मी दोन दिवस हैराण. मग कळलं. पहिल्या वेळी मी वहीत लिहीत होतो, म्हणजे डोळ्यांवर चष्मा होता. दुसऱ्या वेळी रात्री दिवा मालवून आडवा पडून ऐकलं, चष्मा उशाशी. बंद कपांच्या हेडफोनमध्ये खालचे सूर टिकतात ते कुशन कानाभोवती घट्ट बसते म्हणून. चष्म्याची काडी मधे आली की फट पडते आणि तिथून बेस निसटतो. माझी काडी जाड, तेव्हा फट चांगलीच मोठी. लगेच करून पाहिलं: ट्रॅक चालू ठेवला आणि चष्मा काढत-घालत बसलो. अगदी बटण दाबल्यासारखा फरक. म्हणजे चार महिने मी मुलांना बेसचा सल्ला देत होतो तो माझ्या चष्म्याचा होता.

वहीत मागे जाऊन पाहिलं. 'बेस कमी' असं ज्यांना लिहिलं होतं ते बहुतेक दुपारचे ट्रॅक, 'बेस जास्त' ते रात्रीचे. अकरा जणांना... म्हणजे जण सहाच, पण अकरा वेळा. प्रत्येकाला मेसेज केला की बेसबद्दलचं माझं म्हणणं रद्द समजा, कारण हे असं असं झालं. डोंबिवलीची मुलगी म्हणाली, 'मी बदललंच नव्हतं.' बरं झालं.

तेव्हापासून ऐकायची रीत ठरवली. पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर, पेन न घेता, ट्रॅक संपेपर्यंत. फोनमध्ये साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, त्यामुळे तिथे बेसलाइन ऐकू येतच नसेल तर तिला वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरावरचे उपसूर) नाहीत एवढं कळतं. थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली हलकी खरखर) दिलं की तीच बेसलाइन फोनवरही ओळखू येते. मग हेडफोन, चष्मा न घालता, आणि आवाजाची खूण ठरलेली. बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका नॉबवर लावलाय, काटा तिथेच. हे वेड वाटेल, पण आवाज हळू असला की कानाला खालचे सूर कमीच ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच ते मोजून ठेवलंय. एक ट्रॅक हळू आणि दुसरा जोरात ऐकून बेसबद्दल बोलणं म्हणजे पुन्हा चष्माच. शेजारी एखादं ओळखीचं, बाजारात आलेलं गाणं ठेवतो, पण आधी त्याचा आवाज मुलांच्या ट्रॅकएवढा खाली आणून. तसं केलं नाही तर तयार गाणं नुसतं मोठं असल्यामुळेच भारी वाटतं आणि पोराचं बिचाऱ्याचं किरकोळ.

हेडफोन जे लपवतो त्याचंही एक उदाहरण. नालासोपाऱ्याच्या एकाने इतका रुंद पॅड (मागे लांब पसरलेला सिंथचा सूर) केला होता की कपांत तो डोक्याच्या मागून गेल्यासारखा वाटायचा. मी वाहवा केली. मग त्याच्या सोसायटीच्या कार्यक्रमात एकाच स्पीकरवर तो वाजवला तर पॅड जवळजवळ नाहीसाच. डावी आणि उजवी बाजू एकमेकांच्या उलट फेजमध्ये होत्या, म्हणजे एकीची लाट वर तेव्हा दुसरीची खाली; मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एक झाल्यावर, मिसळल्या आणि एकमेकींना खाऊन टाकलं. हेडफोनमध्ये डाव्या कानाला फक्त डावंच मिळतं, ती भेट कधी होतच नाही. नाटकाच्या धंद्यात इतकी वर्षं मोनोत काम केलेल्या माणसाला हे सुचू नये! आता प्रोग्रॅममधलं मोनोचं बटण दाबल्याशिवाय रुंदीबद्दल तोंड उघडत नाही.

लिहायची रीत बदलली ती डोंबिवलीच्या मुलीमुळे. तिने एक संथ तुकडा पाठवला, त्यात भैरवाचे सूर. मी तयारच होतो: कोमल रिषभ सरळ उभा आहे, आंदोलन (सुराचा संथ झोका) नाही, दारावरच्या बेलसारखा वाजतो, हा भैरव होत नाही. लिहून पाठवणार, तेवढ्यात सतरा मुद्दे आठवले आणि नुसतं विचारलं, 'यात भैरव करायचा होता का?' उत्तर आलं, 'नाही मामा, मला ते सूर असेच गार हवे होते. लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटायला पाहिजे.' लिफ्ट म्हणून ऐकलं तर अप्रतिम होतं ते. मग बोलणं निराळंच झालं: १:५० ते २:३०मध्ये लिफ्ट थांबल्यासारखी वाटत नाही, कारण तिथे मागे पक्ष्यांचा आवाज घातलाय. तिने तो काढला. महिन्याभराने तिनेच एका जागी पिच बेंडने (सूर वाकवायच्या सोयीने) रिषभ हलवून पाहिला, फक्त शेवटी एकदा. मी सांगितलेलं नव्हतं.

याच मुंबईत चरणजित सिंग या सेशन वादकाने १९८२मध्ये रोलँडच्या ८०८ (ड्रमच्या) आणि ३०३ (बेसच्या) यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले, कारण शिकागोच्या ॲसिड हाऊस या नाचायच्या संगीतासारखं काहीतरी त्यांना त्याच्याही आधीचं ऐकू आलं. १९८२मध्ये कुणी मला ती ऐकवून 'सांगा ना' म्हटलं असतं तर मी तबला कुठे आहे विचारलं असतं, शंभर टक्के.

आता मी तीनच गोष्टी लिहितो. कुठल्या वेळेला काय ऐकू आलं, मला तिथे काय वाटलं, आणि एक प्रश्न. 'हे बदल' असं शक्यतो नाही. कुणी थेट विचारलंच की काय करू, तर एकच उपाय, आणि तोही करून बघ म्हणून. रचनेबद्दलचं बहुतेक मला लोकलमध्ये सुचतं, साध्या इयरफोनवर, दादर ते ठाणे उभ्याने. सात मिनिटांच्या ट्रॅकमध्ये पहिली २:४० काहीच बदलत नाही हे घरी चांगल्या हेडफोनवर कळत नाही, कारण तिथे प्रत्येक आवाज गोड लागतो. गाडीत माझा अंगठा आपोआप पुढे सरकवायला गेला की ती वेळ टिपून ठेवतो. याहून खरा अभिप्राय मला देता येत नाही.

बाकी हेडफोनबद्दल. वजन ठीक, पण पाऊण तासानंतर डोक्याला कळ लागते, आणि ते एका अर्थी बरंच आहे. सलग चार-पाच ट्रॅक ऐकले की कान मंदावतात आणि पाचव्याला उगाच शिव्या बसतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास म्हणते. माझा लाल ठिपका त्याच्या बराच खाली आहे. गुंडाळीची वायर नाटकाच्या ट्रंकेत ठेवायला चांगली, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायला वैताग. फोनला थेट लावला तर आवाज कमी पडतो, छोटा ऑडिओ इंटरफेस (हेडफोनला ताकद देणारा डबा) लागतोच. तो खर्च धरूनच बजेट काढा. मुलांनाही सांगून ठेवलंय की फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एकाने स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेली व्हॉइस नोट पाठवली होती, तिच्यात मी काय ऐकणार, कपाळ?

मोठी तक्रार एकच, ती पावसाळ्याची. जूनच्या शेवटी कुशनचं नकली चामडं सोलायला लागलं. कान काळे कणांनी भरलेले, शर्टाच्या कॉलरवर कण, बायको विचारते हा कसला कोंडा. मुंबईच्या दमट हवेत असलं चामडं किती टिकणार, हे विकणाऱ्याला माहीत असणारच. दुकानात परत नेलं तर म्हणाला, 'कुशनला वॉरंटी नसते, साहेब.' पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं होतंही.

पुन्हा घ्यायचा झाला तर घेईन का? चाळीत राहणाऱ्याला दुसरा इलाज नाही, तेव्हा घेईन. पण चष्मा लावूनच दुकानात बसेन आणि चष्मा लावून-काढून दोन्ही तऱ्हेने वाजवून बघेन. ज्याच्याकडे मोठी खोली आणि सोशिक शेजारी आहेत त्याने याच पैशांत जुने स्पीकर बघावेत.

नवीन कुशन कापडी, मखमलीसारखी घेतली, बाराशेला. घाम कमी येतो, चष्म्याची काडीही तितकी रुतत नाही. पण कापडातून हवा जाते, म्हणून बेस पुन्हा बदललाय, आधीपेक्षा पातळ झालाय. त्यामुळे या रविवारी कुणाचाच नवा ट्रॅक घेतला नाही. मुलांना कळवलं की मामाचे कान दुरुस्तीला गेलेत, आणि ओळखीची चार गाणी लावून, लाल ठिपक्यावर, आलटून पालटून ऐकत बसलोय.