12ए कार्ट्रिज: रिकामं द्या, भरलेलं न्या

एचपीचा 1020 किंवा एम1005 लेझर प्रिंटर वापरणाऱ्यांना 12ए टोनर (पावडरच्या शाईच्या) कार्ट्रिजची ही अदलाबदल सोयीची आहे: प्रिंटर बंद ठेवावा लागत नाही आणि पैसे ओरिजिनलच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. फक्त तुमचं 12ए दुकानाच्या ढिगात जातं आणि हातात येतं ते भलत्याच कुणाचं. त्यामुळे अशा दुकानाची पारख मागच्या रॅकवर होते.

इथलं रॅक नीट लावलेलं आहे. एका खणात व्हर्जिन, म्हणजे रिकामी झालेली पण भरायला कधीच न उघडलेली ओरिजिनल. दुसऱ्यात भरून झालेली, दर फेरीला मार्करची एक रेघ. तीन रेघा झाल्या की ते सुट्या भागांसाठी. तिसरा खण तक्रारीच्या मालाचा, आणि दुकानाचं खरं श्रेय इथेच. असा माल रिकाम्यांत मिसळला की पावडर भरून तोच दोष पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. इथे प्रत्येक कार्ट्रिजला खराब छापलेलं पान रबरबँडने लावून ठेवतात. डाग दर 75 मिमीवर उमटत असेल तर ड्रम (पावडर पानावर उतरवणारा दंडगोल) बदलायचा, 38 मिमीच्या आसपास असेल तर चार्ज रोलर (ड्रमला विद्युतभार देणारा). पानभर उभी बारीक रेघ असेल तर ड्रमवरचा ओरखडा किंवा वायपर ब्लेडची (ड्रम पुसणाऱ्या पट्टीची) खराब धार. फूटपट्टी टेबलावरच असते.

काम करताना पिना काढून दोन भाग वेगळे करतात आणि वाया गेलेली पावडर आधी रिकामी करतात. भोक पाडून वरून पावडर ओतणारे हेच टाळतात. मग वाया पावडरीचा कप्पा भरून सगळं पानावर सांडतं. ही पावडर परत वापरायची नसते, तिच्यात कागदाचा भुगा असतो. नवी साधारण 100 ग्रॅम भरली की पाच टक्के छपाईला (पानाचा तेवढाच भाग काळा होईल अशा मजकुराला) 2000 पानं धरायची. भरीव काळे ठोकळे आणि फोटो छापणाऱ्यांनी निम्मीच धरावीत.

खटकलेल्या गोष्टी दोन. तयार माल काळ्या पिशवीत न घालता ट्यूबलाइटखाली पडलेला असतो. जास्त वेळ उजेड लागला की ड्रम खराब होऊन छपाई बिघडते. घेताना ड्रमवरची झडप उघडून कडा पाहा, घासून पांढरट झाल्या असतील तर दुसरं मागा. दुसरं म्हणजे 12एचे रिकामे डोंगर आणि 88एचा (एचपीच्याच नंतरच्या प्रिंटरच्या कार्ट्रिजचा) तुटवडा. जुनं मॉडेल परत येतं जास्त, मागणी असते दुसऱ्याचीच, आणि येईल ते घेत राहिल्याने जागा अडते. 88ए हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करूनच जा.