छापील पुस्तक की ई-रीडर? मागे जाऊन शोधणाऱ्यांसाठी

छापील पुस्तक आणि ई-रीडर (फक्त पुस्तकं वाचायचं किंडलसारखं यंत्र) दोन्ही वापरतो, म्हणून लिहितोय. बॅटरी किती चालते, पुस्तकं किती मावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाइल या तुलनेत धरलेला नाही. तिथे वाचन कमी आणि व्यत्यय जास्त.

आधी ई-रीडरच्या बाजूने, कारण ती बाजू लंगडी नाही. ई-इंकच्या, म्हणजे कागदावरच्या शाईसारख्या दिसणाऱ्या पडद्यावर माझे डोळे तरी थकत नाहीत. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. जाडजूड कादंबरी आडवं पडून वाचायची तर मनगटाची दया येते. इथे तो प्रश्नच नाही. निव्वळ गोष्ट वाचायची असेल, तर मला छापील पानाची उणीव फारशी जाणवली नाही.

घोडं अडलं ते मागे जाताना.

चरित्र किंवा इतिहास वाचताना शे-दोनशे पानांनी एक नाव पुन्हा येतं. हा तोच का, ज्याने आधी शब्द फिरवला होता? छापील पुस्तकात पृष्ठक्रमांक आठवत नाही, पण जागा आठवते: डावं पान, खालची बाजू, पाव पुस्तक संपल्याच्या आसपास. अंगठ्याखालून पानं सोडत गेलं की बहुतेकदा सापडतं, आणि शोधता शोधता विसरलेलं आणखी काहीतरी नजरेला पडतं ते वेगळंच. ई-रीडरवर अक्षराचा आकार जरा बदलला की सगळी पानं नव्याने मांडली जातात, डावं-उजवं काही उरत नाही. शोधायची सोय आहे, पण नेमका शब्द आठवायला हवा; नुसतं नाव टाकलं, तर ते जिथे जिथे आलंय त्याची लांबच लांब यादी येते. शेवटच्या टिपा पाहायच्या, पुन्हा मजकुरावर यायचं, मग नकाशाकडे जायचं, तर प्रत्येक वेळी स्पर्श, क्षणभर थांबणं, पडद्याची लुकलुक. छापील पुस्तकात दोन बोटं दोन ठिकाणी अडकवली की काम भागतं. ई-रीडरवर हळूहळू मी टिपा बघणंच सोडून दिलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

2018 साली कागदावरच्या आणि पडद्यावरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकुराचं आकलन कागदावर थोडं सरस दिसलं, कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. त्यात संगणकाचे पडदेही होते, त्यामुळे तो निष्कर्ष ई-रीडरच्या माथी जसाच्या तसा मारणं बरं नव्हे. माझा अनुभव मात्र त्याच वळणाचा आहे, एवढंच.

टिकण्याचं म्हणाल तर कागद काही अमर नाही. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. नुसत्या गोंदाच्या बांधणीची पानं निखळतात. पण त्याची अखेर डोळ्यांदेखत, सावकाश होते. ई-पुस्तक विकत घेतो म्हणजे बहुतेक वेळा फक्त वाचायचा परवाना घेतो. 2009 साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ या कादंबरीची एक आवृत्ती हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पुस्तकात नोंदी केलेल्यांना वर 25 डॉलर दिले. पण पुस्तकं उघडायची थांबली ती थांबलीच. मला त्यातल्या नोंदींचं जास्त वाईट वाटतं. जुन्या पुस्तकाच्या समासातली स्वतःची पेन्सिलची खूण कधी कधी मजकुरापेक्षा जास्त सांगते.

तेव्हा एकदा वाचून हातावेगळ्या होणाऱ्या कादंबऱ्या, लांबलचक मालिका किंवा ‘आवडेल की नाही, बघू’ अशी पुस्तकं असतील, तर ई-रीडर बिनधास्त घ्या. टिपा-नकाशांची पुस्तकं आणि पुन्हा पुन्हा उघडायची पुस्तकं मी छापीलच घेतो. कविताही, कारण अक्षर मोठं केलं की ओळ भलतीकडेच तुटते. दोन्हींपैकी एकच निवडायचं झालं, तर माझा कल कळला असेलच. चष्म्याचा नंबर चढता असेल तर मात्र माझं ऐकू नका.