वनझी कधी थांबवावी आणि सुटा शर्ट कधी सुरू करावा

मूल एक वर्षाचे होऊन भिंतीला धरून पावले टाकू लागले, की इंदुरातल्या मराठी घरांत हा प्रश्न हटकून निघतो. पायांमध्ये टिचबटणे लागणारी, शर्ट आणि चड्डी एकातच असलेली वनझी आता पुरे करावी आणि मुलाला सुटा शर्ट व चड्डी घालावी, की अजून काही महिने थांबावे? आजीचे मत एक असते, आईचे दुसरे, आणि राजवाड्याजवळच्या बाजारातला दुकानदार दोन्ही प्रकार पुढ्यात टाकून मोकळा होतो. मी लोकमान्य नगरात पाळणाघर चालवते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, आणि माझे उत्तर ठरलेले आहे: वयाचा आकडा पाहून हा निर्णय घेऊ नये. मूल उभ्याने कपडे बदलून घेऊ लागले आहे का आणि त्याला शी-शूची जाणीव होऊ लागली आहे का, हे पाहावे; शिवाय दिवसाचा निर्णय वेगळा आणि रात्रीचा वेगळा घ्यावा.

वनझीची बाजू आधी मांडते, कारण तिचा सर्वांत मोठा गुण पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. बहुतेक वनझ्यांच्या खांद्यांवर कापडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे गळा इतका रुंद होतो, की कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून पायांतून काढता येतो. डायपरमधून शी पाठीपर्यंत गेलेली असेल, तर याचे मोल कळते. साधा टी-शर्ट अशा वेळी डोक्यावरून काढावा लागतो आणि मानेला, केसांना सगळीकडे घाण लागते. पातळ शी वारंवार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या वर्षात, वनझीला पर्याय नाही. पुढेही जुलाब लागलेल्या मुलाला बरे वाटेपर्यंत पुन्हा वनझी घालण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसरा गुण म्हणजे ती वर सरकत नाही. रांगणाऱ्या मुलाचा शर्ट छातीपर्यंत जातो आणि पोट थेट फरशीला घासते. कडेवर घेताना काखेत हात घातला, की पाठ उघडी पडते. ‘पोटाला वारा लागेल’ ही आजीची धास्ती मी समजू शकते. उघड्या पोटाने पोट बिघडत नाही, हे मी त्यांना आदराने सांगते, पण थंडीत मुलाला उघडे पोट सुखाचे नसते, हेही तितकेच खरे आहे.

आता शर्टाची बाजू. मूल चालू लागले, की ते आडवे पडून डायपर बदलू देत नाही. आमच्याकडे सव्वा वर्षाच्या आसपासची मुले दिवाणाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहतात, तोंड खिडकीकडे, आणि मावशींनी मागून काम उरकावे अशी त्यांची अपेक्षा असते. सुटी चड्डी खाली ओढायची, डायपर काढायचे, पुसायचे, नवे लावायचे, चड्डी वर करायची, की झाले. हेच वनझीत करायचे म्हटले, तर तीन टिचबटणे खाली वाकून शोधावी लागतात, मूल तोवर एक पाऊल सरकते, पहिले बटण दुसऱ्याच्या जागी बसते, आणि सुटलेली मागची झालर ओल्या डायपरला लागून भिजते. घरी एका मुलाचे हे निभावून जाते. पाळणाघरात एका पाठोपाठ एक मुले बदलायची असताना त्यातच वेळ जातो. म्हणून ज्या घरचे मूल पाळणाघरात येते त्यांना मी स्पष्टच सांगते, की चालू लागल्यावर दिवसाचे कपडे सुटे पाठवा.

शी-शूची सवय लावायला सुरुवात झाली, की मग वादाला जागाच उरत नाही. बहुतेक मुले दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान तयारीच्या खुणा दाखवतात: सलग दोन तास कोरडे राहणे, कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसणे, भिजलेले डायपर ओढून दाखवणे. शू आल्याचे मुलाने सांगणे आणि ती होऊन जाणे यांत फार थोडा वेळ असतो. त्या वेळात टिचबटणे उघडून होत नाहीत, आणि उघडली तरी झालर भांड्यात लोंबते. शिवाय चड्डी स्वतः खाली करता येणे हा या शिकण्याचाच भाग आहे. दोन वर्षांच्या आसपास सैल कपडे काढायला मुले शिकतात, अडीचपर्यंत इलॅस्टिकची चड्डी ओढाताण करून वर-खाली करतात, टी-शर्ट मात्र स्वतः घालायला पुष्कळांना तीन वर्षे लागतात. वनझीत यातले काहीच त्यांच्या हाती राहत नाही. मुलाने सांगितले आणि तरीही कपड्यामुळे ते भिजले, तर त्याचा हिरमोड होतो आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही; हे मी अनेकदा पाहिले आहे आणि मला ते फार लागते.

हवामानाचा विचार इंदुरात वेगळा करावा लागतो. माळव्याचे पठार साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या वर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहाच्या खाली येतो. उन्हाळ्यात अंगाबरोबर बसणारी वनझी आणि तिच्याखाली डायपर म्हणजे कमरेभोवती घाम साचून घामोळे येण्याची सोयच. तेव्हा सैल सुती शर्ट, किंवा घरात आजीने शिवलेले मलमली झबले असेल तर तेच, अधिक बरे. खालून हवा खेळती राहते. थंडीत याच्या उलट. मूल रात्री पांघरूण लाथाडते, शर्ट वर जातो आणि पहाटे कंबर गार पडलेली असते. म्हणून दिवसा शर्ट घालणाऱ्या दोन वर्षांच्या मुलालाही जानेवारीत रात्री आत वनझी आणि वर पायजमा घालावा, कारण या वयात रात्रीचे डायपर बहुधा सुटलेले नसतेच. संक्रांतीनंतर बोरन्हाण करणार असाल, तर काळ्या झबल्याखाली पूर्ण बाह्यांची वनझी घातल्याने मूल सगळा वेळ उबेत राहते आणि फोटोत डायपरही दिसत नाही.

पावसाळ्यात धुण्याचा हिशेब पाहावा. डायपर गळले तर सुट्या जोडीत बहुधा चड्डीच भिजते. वनझी मात्र अख्खी धुवावी लागते, आणि बटणांजवळची दुहेरी पट्टी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सर्वांत शेवटी सुकते. ओलसर पट्टीची वनझी मुलाला घालू नये, कारण ती नेमकी जांघेच्या नाजूक कातडीला लागते.

पैशाच्या दृष्टीनेही दुसऱ्या वर्षापासून शर्ट परवडतो. पहिल्या वर्षात मूल साधारण पंचवीस सेंटिमीटर वाढते आणि दुसऱ्या वर्षात बारा, पण त्या बारातही वनझी लांबीला अपुरी पडते, कारण ती खांद्यापासून जांघेपर्यंत बांधलेली असते. शर्ट आखूड झाला तरी महिना-दोन महिने चालतो. आखूड वनझी जांघेत काचते आणि बटणे आपोआप सुटतात. बटणे लावल्यावर खांद्याच्या पट्टीखालून दोन बोटे सहज जात नसतील, तर तो माप संपल्याचा इशारा समजावा. अशा वनझीचे कापड चांगले असेल, तर टाकून देण्याआधी गल्लीतल्या शिंप्याकडे न्यावी. बटणांची पट्टी कापून खाली दुमड घालून दिली, की तिचे बनियन होते.

शर्ट निवडताना सर्वांत आधी गळा पाहावा. दोन वर्षांच्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एक-पंचमांश असते, मोठ्या माणसाचे एक-अष्टमांश. म्हणून मोठ्यांच्या धर्तीवर बेतलेला अरुंद गळा मुलाच्या नाका-कानांवरून ओरबाडत जातो, मूल घाबरते आणि मग रोज कपडे घालताना रडारड होते. खांद्यावर दोन टिचबटणे असलेला किंवा ताणला जाणाऱ्या होजिअरीचा शर्ट घ्यावा. समोर शिवलेली बटणे असतील तर एकेक ओढून पाहावे, कारण तीन वर्षांखालील मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात आणि सुटे बटण घशात अडकू शकते. गळ्याशी नाडी किंवा दोरी असलेला कपडा घेऊच नये. जांघेत किंवा खांद्यावर बटणाच्या जागी गोल लाल चट्टा उठत असेल, तर काही मुलांना धातूतले निकेल सोसत नाही हे लक्षात घेऊन प्लास्टिकच्या बटणांचे कपडे वापरावे, आणि चट्टा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र मी दिवसाही वनझीच सुचवते. डायपरची पट्टी उघडून ते काढून टाकण्याची खोड लागलेले मूल शर्टात आवरत नाही, पण बटणे लावलेल्या वनझीत त्याचा हात तिथवर पोहोचत नाही. कोरड्या, खाजऱ्या कातडीचे मूल पोट ओरबाडते. त्यालाही मऊ सुती वनझीचा आडोसा उपयोगी पडतो. अशा मुलांना शी-शूची सवय लावायला घेण्याच्या आठवडाभर आधी सुट्या कपड्यांवर आणावे, म्हणजे नवा कपडा आणि नवी सवय एकाच दिवशी अंगावर येत नाहीत.

नव्याने खरेदी करायची झाल्यास, सव्वा वर्षाच्या चालत्या मुलासाठी दिवसाचे शर्ट-चड्डीचे सहा-सात जोड आणि रात्रीसाठी एक माप मोठ्या तीन वनझ्या पुरतात. पावसाळा तोंडावर असेल तर दोन-तीन चड्ड्या जास्तीच्या घ्याव्यात, शर्ट नव्हेत.