जंपसीट: फुकट आहे, हक्काची नाही

अमेरिकेत वैमानिक राहतो एका शहरात आणि त्याची ड्यूटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून. घर डॅलसला आणि बेस नेवार्कला, हे तिथे सर्रास चालतं. घरापासून बेसपर्यंत कसं पोचायचं हे ज्याचं त्याने बघायचं. विमान गच्च भरलं असेल तर उरते कॉकपिटमधली घडीची जंपसीट, आणि परस्पर करार असला तर दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकालाही ती फुकट मिळते. सेवा म्हणून पारखायची तर सोयीला पाचपैकी साडेचार गुण द्यावेत, रांगेच्या नियमांना जेमतेम दोन.

आधी सीटबद्दल. बोइंग ७३७मध्ये पहिली जंपसीट कॉकपिटच्या दारातच उलगडते. बसणारा दोन वैमानिकांच्या मधोमध, गुडघे जवळजवळ कन्सोलला टेकलेले, आणि तो उठल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता येत नाही. ७३७मध्ये निदान दुसरी जंपसीट तरी असते. एम्ब्राएर १७५मध्ये एकच, त्यामुळे छोट्या मार्गांवर चुरस जास्त. केबिनमधली जंपसीट वेगळी: दाराजवळ, गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) किंवा टॉयलेटच्या भिंतीला लावलेली, उठताच स्प्रिंगने मिटणारी. ती मिटेनाशी झाली तर संकटकाळी बाहेर पडायची वाट अडते, म्हणून बंद ठेवावी लागते. मग तिथे बसणाऱ्या ड्यूटीवरच्या क्रूला प्रवाशाची सीट द्यावी लागते आणि फुकट जाणाऱ्याची आशा तिथेच संपते.

कॉकपिटची जंपसीट हवी असेल तर गेटवर वेळेत जाऊन कंपनीचं ओळखपत्र, वैमानिक परवाना आणि मेडिकल सर्टिफिकेट दाखवायचं. गेट एजंट ‘कॅस’ या प्रणालीत कंपनी आणि कर्मचारी क्रमांक टाकतो. माणूस अजून नोकरीत आहे की नाही ते पडद्यावर दिसतं, सोबत फोटोही. घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं: नोकरी नुकतीच बदललेली, नवी नोंद अजून चढलेली नाही, की नकार. अशा वेळी कॅप्टन कितीही ओळखीचा असला तरी उपयोग नाही. कॅसने होकार दिल्यावर मात्र कॅप्टनची परवानगी लागतेच, आणि ती स्वतः जाऊन मागायची. एसटीच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसवून घेतो तसलाच हा मामला. आत गेल्यावर १०,००० फुटांखाली गप्प बसायचं. ‘स्टेराइल कॉकपिट’चा, म्हणजे त्या टप्प्यात कामाशिवाय न बोलण्याचा नियम पाहुण्यालाही लागू आहे.

एवढी कडक तपासणी उगाच आलेली नाही. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या फ्लाइट ७०५मध्ये जंपसीटवरून जाणाऱ्या त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने हातोड्यांनी क्रूवर हल्ला केला. तिघेही गंभीर जखमी झाले, तरी विमान त्यांनी मेम्फिसला परत उतरवलं. ११ सप्टेंबर २००१नंतर दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिट बंद झालं, ते कॅस आल्यावरच पुन्हा उघडलं. पण कॅस नोकरी तपासते, मन नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी होरायझन एअरच्या फ्लाइट २०५९मध्ये जंपसीटवरच्या ऑफ-ड्यूटी वैमानिकाने इंजिनांच्या आग विझवायच्या हँडलना हात घातला. ती पूर्ण ओढली जातात तेव्हा इंजिनाचं इंधन तुटतं. क्रूने त्याला वेळीच अडवलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं.

आता भांडणं. सगळ्यात चिवट वाद क्रमाचा. काही कंपन्यांत आधी येईल त्याला आधी, काहींत सीनियॉरिटी, आणि जवळपास सगळीकडे घरचा, म्हणजे त्याच कंपनीचा वैमानिक परक्याच्या पुढे. म्हणजे दीड तास गेटवर ताटकळलेला पाहुणा शेवटच्या क्षणी धावत आलेल्या घरच्या माणसामुळे मागे पडतो. हे अन्यायाचं वाटलं तरी नियमाला धरून आहे. खरी चीड येते ती नोंदणी कधी धरायची यावरून: ॲपवर नाव टाकलं तेव्हा, की गेटवर ओळखपत्र दाखवलं तेव्हा? कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे एका वाक्यात लिहिलेलं नसेल तर निवाडा गेट एजंटच्या घड्याळावर येऊन ठेपतो, आणि बिचाऱ्या एजंटला मागे उभ्या असलेल्या दीडशे प्रवाशांनाही आवरायचं असतं.

या सगळ्यांच्या वर बसतो एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा इन्स्पेक्टर. फॉर्म ११०ए हे आपलं ओळखपत्र दाखवलं की पुढची निरीक्षक सीट त्याची; तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुसरा वाद वैमानिक आणि केबिन क्रू यांच्यातला. ‘कॉकपिटची सीट रिकामी, मग मी का नाही?’ हा केबिन क्रूचा जुना सवाल. उलट केबिनची जंपसीट वैमानिकाला मिळत नाही, कारण तिथे बसणाऱ्याला त्या विमानाचं दार उघडण्याचं आणि प्रवासी बाहेर काढण्याचं प्रशिक्षण हवं, असा बहुतेक कंपन्यांचा आग्रह असतो. तो योग्यच आहे. घोळ होतो तो केबिनमध्ये सीट रिकामी राहिली की. जंपसीटसाठी नाव दिलेल्या वैमानिकाला एजंट केबिनमध्ये बसवतो आणि स्टँडबायवरची (जागा उरली तरच बसायला मिळणारी) केबिन क्रू म्हणते, माझी सीट गेली. यावर उपाय साधा आहे: आधी कंपनीचे सगळे स्टँडबाय बसवायचे, मग जंपसीटवाल्याला केबिनमध्ये न्यायचं.

वजनाचं गणित वेगळंच. उन्हाळ्यात आखूड धावपट्टीवरून छोटं जेट निघत असेल तर त्याला कमीच वजन उचलता येतं, म्हणून जंपसीट रिकामी असूनही नकार येतो. यात कुणाचा आकस नसतो. आकसाचा काळ वेगळा होता: काँटिनेंटलच्या १९८३ आणि ईस्टर्नच्या १९८९च्या संपानंतर संप फोडणाऱ्यांना कॅप्टन मंडळींनी जंपसीट नाकारल्या, आणि नकार देण्याचा अधिकार कॅप्टनचाच असल्याने कंपनीला फारसं काही करता आलं नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये दुबई–दिल्ली विमानात मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसू दिल्याबद्दल डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाने वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड ठोठावला. म्हणजे कॅप्टनचा शब्द शेवटचा खरा, पण तो नियमांच्या चौकटीतला.

अमेरिकेत नव्याने रुजू होणाऱ्या मराठी वैमानिकांनी करारातला कम्यूटर क्लॉज, म्हणजे दुसऱ्या शहरातून बेसला येणाऱ्यांसाठीचं कलम, आधी वाचावा. पहिलं विमान चुकलं तर हातात दुसरं विमान असायला हवं, अशी अट त्यात बहुधा असते. त्या दुसऱ्या विमानात नुसती जंपसीट मोकळी असली तर ती ‘उपलब्ध सीट’ धरली जाते का, हे चीफ पायलटच्या ऑफिसकडून लेखी घ्यावं.