डबीएवढा संगणक, कागदी कार्डं आणि एक हिरवी क्लिप : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला पैसे दिले, 'डिजिटल वर्ग करा' म्हणून. शाळा मालवण तालुक्यातली, किनाऱ्यालगतची. मी आठवी ते दहावीला विज्ञान आणि गणित शिकवतो. मंडळींच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं ६५ इंची टच पॅनेल होतं. विक्रेत्याने डेमोही झकास दिला, पडद्यावरचं हृदय बोटाने गरागरा फिरवून दाखवलं. मी विचारलं, बिघडलं तर माणूस कुठून येणार? म्हणाला, कोल्हापूरहून. जुलैत घाटात दरड कोसळली की कोल्हापूरहून आमच्याकडे भाजीसुद्धा वेळेत येत नाही. पॅनेल तिथेच बारगळलं.

त्याऐवजी ३,३०० ल्युमेनचा साधा प्रोजेक्टर घेतला, रास्पबेरी पाय ४ नावाचा डबीएवढा संगणक घेतला, त्यावर कोलिब्री हे सॉफ्टवेअर घातलं. फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे प्रयोग, आणि प्लिकर्सची उत्तरं द्यायची कागदी कार्डं फुकटच. मंडळी जरा हिरमुसली, कारण डबीएवढ्या संगणकासोबत फोटो काय काढणार?

आधी कोलिब्रीबद्दल. लर्निंग इक्वालिटी या संस्थेचं हे मोफत सॉफ्टवेअर. इंटरनेट असेल तिथे बसून व्हिडिओ, सराव, गोष्टी उतरवून घ्यायच्या आणि शाळेत नेटशिवाय चालवायच्या. मुलांचे टॅब त्या डबीच्याच वायफायला जोडतात. कोणी किती सराव केला, कुठे अडलं, हे शिक्षकाला दिसतं. ऐकायला एकदम सोपं. पण आमची इमारत चिऱ्याची, भिंती दीड फुटी. शेजारच्या वर्गात वायफाय पोचेना. शेवटी डबी भाजीच्या टोपलीत घालून या वर्गातून त्या वर्गात फिरायला लागली, आणि मुलांनी तिचं नाव 'टोपली' ठेवलं. 'सर, आज टोपली हा?'

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-पाचदा लाईट गेली आणि मेमरी कार्ड बाद झालं. या संगणकात बॅटरी नसते. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज तुटली की कार्ड खराब होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. १२८ जीबीचं सगळं पुन्हा भरायला दोन रात्री गेल्या. मग पॉवरबँक मध्ये लावली, तर लाईट जाता-येता ती क्षणभर डोळा मिटायची आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता भिंतीतल्या प्लगला हातच लावत नाही. पॉवरबँक घरून चार्ज करून आणतो, त्यावर अख्खी शाळा आरामात निघते. भरलेलं दुसरं कार्ड डब्यात तयार असतं. प्रोजेक्टर मात्र पॉवरबँकेवर चालत नाही, त्यासाठी ऑफिसातला इन्व्हर्टर मागावा लागतो आणि त्याच इन्व्हर्टरवर क्लार्कभाऊंचा प्रिंटरही असतो. यावर अधिक न लिहिलेलं बरं.

दमटपणाचा उपाय जुनाच. प्रयोगशाळेच्या कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब कायम पेटता ठेवतो. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून आमचे जुने सर ठेवायचे, आता त्या उबेला प्रोजेक्टरही असतो.

कोलिब्री आठवीच्या कच्च्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तास वापरतो. अपूर्णांकांच्या सरावाला त्याच्याइतकं शांतपणे पुन्हा पुन्हा विचारणारं माझ्याकडे दुसरं काही नाही. मी स्वतः तर नाहीच. पण आपल्या अभ्यासक्रमाच्या क्रमाने ते आपोआप लागत नाही. दिवाळीची सुट्टी निवड करण्यात गेली.

आता प्लिकर्स. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड, त्यावर काळा ठोकळ्याठोकळ्यांचा आकार, प्रत्येकाचा वेगळा. ए, बी, सी, डी यांपैकी जे उत्तर ती बाजू वर करून धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, कोणाचं काय उत्तर ते नावासकट नोंदलं जातं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं पाहून फिरवता येत नाही. मुलांना फोन लागत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिला संच चकचकीत लॅमिनेट केला, तर खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याला वाचताच येईना. दुसरा पुठ्ठ्यावर खळीने चिकटवला, त्याच्या कडा झुरळांनी खाल्ल्या. तिसरा मॅट लॅमिनेशनचा, तो टिकलाय. ॲपला नेट लागतं, आणि आमच्या वर्गात खिडकीपाशी दोन काड्या रेंज. गणपतीत चाकरमानी आले की त्याही जातात. तेव्हा चार रंगांचे पुठ्ठे वर करायला लावतो. नोंद राहत नाही, पोरं एकमेकांचं बघतात, तरी तास चालतो.

याच कार्डांवर नववीच्या 'धाराविद्युत' धड्यात मी प्रश्न टाकला: दोन बल्ब समांतर जोडलेत, म्हणजे प्रत्येक आपापल्या तारांनी थेट सेलला, एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल? २७ पैकी १९ जणांनी 'जास्त उजळेल' धरलं. मी मनात हसलो. फेटचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडलं, एक बल्ब काढून दाखवला, दुसरा होता तसाच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या या सिम्युलेशनच्या फायली एकदा उतरवल्या की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात, त्यामुळे दाखवणं सोपं. मुलांनी मान डोलावली. विषय संपला असं मला वाटलं.

गुरुवारी प्रयोगशाळेत तोच परिपथ सेल, तारा आणि टॉर्चच्या बल्बांचा. एका मुलाने बल्ब काढला आणि दुसरा चक्क जास्त उजळला. 'सर, माका वाटलाच होता!' बाकीचे म्हणाले, आपला बल्ब खराब आहे, पडद्यावर बरोबर होतं. हे ऐकून मी चपापलो. हातातल्या तारेपेक्षा पोरांचा विश्वास पडद्यावर जास्त बसला होता, आणि तो मीच बसवला होता.

मग तास तिथेच थांबवून शोध घेतला. क्रोकोडाइल क्लिपा खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या. एका मुलीने पॉलिशपेपर मारून त्या लख्ख केल्या. दोन्ही बल्ब आधीपेक्षा नीट पेटले, पण एक काढला की दुसरा उजळणं थोडं कमी झालं, गेलं नाही. उरलेला दोषी आमचा जुना सेल. त्याला आतून रोध असतो, म्हणजे धारेला अडथळा. दोन बल्ब जास्त धारा ओढतात तेव्हा सेलच्या टोकांमधलं विभवांतर (व्होल्टेज) पडतं, एक काढला की पुन्हा वर येतं. पडद्यावरच्या बॅटरीचा अंतर्गत रोध मुळात शून्य धरलेला होता. सिम्युलेशनमध्ये तो वाढवायची पट्टी आहे, मी ती कधी उघडलीच नव्हती. पट्टी सरकवली आणि पडद्यावरचा बल्बही आमच्या बल्बासारखा वागू लागला. त्या १९ जणांच्या खात्यावर मी चूक म्हणून नोंदवलेलं उत्तर अजून ॲपमध्ये तसंच आहे.

दुसऱ्या बॅचला मी क्रम उलटा केला: आधी तारा, मग भांडण, मग पडदा. त्या बॅचने मीटरवर विश्वास ठेवायचा की नाही यावर वीस मिनिटं घातली आणि माझा पाठ मागे पडला. यंदा तो क्रम तसाच ठेवणार आहे.

एक त्रास राहतोच. भाषांतरित साहित्यातले शब्द पाठ्यपुस्तकाशी जुळतीलच असं नाही. बालभारतीचा 'रोध' कुठे 'प्रतिरोध' होतो, 'विभवांतर' कुठे सरळ 'व्होल्टेज'. परीक्षेत लिहायचा शब्द वहीच्या मागच्या पानावर, दुसरे त्याच्यापुढे, अशी यादी मुलांकडून करून घेतली.

मंडळींनी यंदा पुन्हा विचारलंय, काय हवं? मी कळवलंय: एक नवं मेमरी कार्ड, प्रोजेक्टरसाठी वेगळा इन्व्हर्टर, चार डझन क्लिपा आणि ताजे सेल. जुने सेल मी टाकलेले नाहीत. ते पिवळ्या बल्बाशेजारी वेगळ्या डब्यात ठेवलेत, नववीच्या त्या तासासाठी.