गिअर बदलताना रेस उतरत नाही: सफाई, रीमॅप की हलकं फ्लायव्हील?

ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला तरी आरपीएमचा काटा क्षणभर वरच राहतो आणि पुढचा गिअर पडताना गाडी हिसका देते. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात पेट्रोल मॅन्युअल चालवणारे यावर काय करावं हे विचारतात, आणि गॅरेजागणिक वेगळं उत्तर मिळतं.

आधी इंजिन गरम करून गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा. काटा ८००च्या आसपास स्थिर राहिला, तर बहुधा बिघाड नाही. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत पाय काढला तरी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ही झडप सावकाश मिटवतो. ती एकदम मिटली तर हवा-इंधनाचं प्रमाण बिघडतं आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू आहे, आणि प्रदूषणाच्या अशा मर्यादा पाळण्यासाठीच हा संथपणा ठेवलेला असतो.

काटा १२००-१५००वर अडकत असेल, बॉनेटखाली सूं-सूं ऐकू येत असेल, तर थ्रॉटल बॉडीतली काजळी, व्हॅक्यूम पाइपची चीर किंवा इनटेकचं गॅस्केट बघा. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबलही अडकते. अशा वेळी सफाई आणि गळतीची तपासणी हाच मार्ग. खर्चही यातच सर्वांत कमी. फक्त इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून सेटिंग पुन्हा शिकवावं लागतं, तेव्हा मिस्त्रीकडे स्कॅनर आहे का ते आधीच विचारा. गाडीत बिघाडच नसेल, तर सफाईने काटा लवकर उतरणार नाही.

त्या गाडीला खरा फरक पडतो तो रीमॅपने, म्हणजे ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदलून. पण वॉरंटी धोक्यात येते आणि धूर वाढू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मी ठाम नाही म्हणेन.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक. ते हलकं बसवलं की रेस झटकन उतरते, हे खरं. मात्र त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, नंतर आयडलिंगला थरथर येते आणि चढावर गाडी उचलताना इंजिन पटकन बंद पडतं. चोर्ला घाटाच्या वळणावर, घरची माणसं आणि सामान भरलेलं असताना, हे मला धोक्याचं वाटतं. आपल्या भागात कुणालाही हा सल्ला देणार नाही.

बिघाड नसलेल्या गाडीला माझी पसंती पायाच्या सवयीला. क्लचच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडा, म्हणजे चाकंच इंजिनला खाली ओढतात. मग गिअर घाई न करता टाका. पैसा लागत नाही, हिसका बराच कमी होतो.

क्लच पूर्ण सोडल्यावरही चढाला रेस वाढते आणि वेग वाढत नाही, ही तक्रार वेगळी: क्लच प्लेट घसरते आहे. सेकंडहँड गाडी घेत असाल तर ती वंटमुरी घाटात वरच्या गिअरमध्ये चढवून बघा आणि मगच भाव बोला.